पलंगाखाली कोण?

अमेरिकेतल्या एका पोलाद कारखान्याच्या शहरात, काळ्या लोकांच्या वस्तीत ओडेसा राहायची. कारखाना बंद पडला आणि तिचा नवरा रूफस बेकार झाला. लेकरं उपाशी राहू नयेत म्हणून सरकार मदत द्यायचं, पण अट अशी की घरात पुरुष नको. शेवटी रूफसने कपड्यांचं बोचकं बांधलं आणि तो भावाकडे राहायला गेला. धाकटी लेक दारात बसून रडली. ओडेसाने राग गिळला आणि मदत घेतली.

तरीही मदत देणाऱ्या खात्याचा तपासनीस भल्या पहाटे येऊन दार ठोठावायचा. कपाटं उघडायचा, रूफस लपलाय का म्हणून पलंगाखाली बॅटरी मारायचा.

एकदा त्या खात्याचे गोरे प्रमुख वस्तीतल्या चर्चमध्ये भाषणाला आले. म्हणाले, "आमचा हेतू चांगलाच आहे. पण कितीही दिलं तरी तुमची मुलं मागे राहतात. कारण तुमचे पुरुष पळून जातात. त्यांना घराची ओढच नाही!"

ओडेसाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उभी राहिली.

"साहेब, आमच्या पुरुषांना घराची ओढ नाही, तर तुमचा माणूस माझ्या पलंगाखाली कोणाला शोधतो?"

साहेब अडखळले. "ते... नियमाप्रमाणे..."

"नियम तुमचाच ना? मग बाप पळाला म्हणू नका, हाकलला म्हणा!"

सगळं चर्च उठून उभं राहिलं. साहेबांनी भाषण तिथंच आवरलं.

ओडेसा तडक दिराच्या घरी गेली. "चल घरी," ती रूफसला म्हणाली. "मदत बंद झाली तर दोघं मिळून बघू."