चुकीच्या वेगावरची तबकडी

एकदा एका वृद्ध रसिकाचे कान थकले. तीस वर्षे दर रविवारी ते वर्तमानपत्रात लिहीत आले होते: नवी तबकडी कोणती ऐकावी, जुनी कोणती पुन्हा निघाली आहे. सारंगी असो, जॅझ असो की दशावतारातली पदे असोत, त्यांनी सांगितलेले लोक डोळे झाकून ऐकत. आता मात्र उंच स्वर त्यांच्यापर्यंत पोचेनात. त्यांची एक शिष्या पाच वर्षे त्यांच्यापाशी बसून ऐकत आली होती. ती त्यांना नाना म्हणे. एके दिवशी ते तिला म्हणाले, "या दहा तबकड्यांवर लिहून आण. जमलं तर सदर तुझं. नाही तर मी ते बंद करतो."

सदर बंद पडेल या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. नऊ तबकड्यांवर तिने घाईघाईत लिहून काढले. दहावी लहानशी होती, कव्हर नसलेली, आणि तिच्यावरची लिपी तिला वाचता येईना. तेव्हा ती डोळे मिटून ऐकत बसली. आवाज संथ होता, खोल होता. खिडकीतले ऊन सरकत भिंतीवर चढले, तरी ती तेच गाणे पुन्हा पुन्हा लावत राहिली. आपण होडीत निजलो आहोत आणि कुणी म्हातारा नावाडी आपल्याला हळूहळू पैलतीरी नेतो आहे, असे तिला वाटले. तिने तसेच लिहिले.

नानांनी दहाही टिपणे वाचली. मग ती लहान तबकडी लावून वेगाचा खटका मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर सरकवला. खोलीत एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा चपळ आवाज नाचू लागला. शिष्येला ब्रह्मांड आठवले. तिने ती तेहतीसच्या संथ वेगावर ऐकली होती! संगीतावर लिहिणाऱ्याने याहून मोठी फजिती ती कोणती करून घ्यावी?

नानांनी लाल पेन्सिल उचलली आणि एकेक करून पहिली नऊ टिपणे खोडली. दहाव्याला हातही लावला नाही.

"नाना, थट्टा करताय का माझी?" तिचे डोळे भरून आले. "त्या नऊंत एक तरी चूक दाखवा."

"एकही नाही गं," नाना म्हणाले. "कव्हरवर छापलंय ते सगळं बिनचूक उतरवलंयस. ते लोकांनाही वाचता येतं. खरं सांग, यातल्या किती शेवटपर्यंत ऐकल्यास?"

ती म्हणाली, "दोन."

"आणि या दहावीत? तिसऱ्या कडव्याआधीच्या श्वासात तुला पाणी ऐकू आलं, असं लिहिलंयस. हे गाणं पुन्हा निघालंय; याची मूळ तबकडी वीस वर्षं माझ्याकडे आहे. मला तो श्वास कधी जाणवला नाही. वेग चुकला तर खटका सरकवला की झालं. न ऐकता केलेली शिफारस कशानं दुरुस्त करायची? लोक आपल्या शब्दावर विसंबून त्यांची एक संध्याकाळ देतात, पोरी. आपण आपली दुपार तरी द्यायला हवी."

मग त्यांनी स्वतःच खटका पुन्हा तेहतीसवर आणला. "लाव तुझा नावाडी. मलाही येऊ दे होडीत."

गाणे सुरू झाले. उंच स्वर सगळे खाली उतरले होते, आणि थकलेल्या कानांना त्यातला एकेक पोचत होता. तिसऱ्या कडव्याआधीचा श्वास आला तसा नानांनी हात वर केला. "आलं," ते पुटपुटले, "पाणी आलं."

त्या रविवारी सदरात एकाच तबकडीविषयी मजकूर होता आणि त्याखाली शिष्येचे नाव होते. पहिलेच वाक्य होते, 'ही मी आधी चुकीच्या वेगावर ऐकली.' उरलेल्या नऊ तबकड्यांची कव्हरे तिने टेबलावर पालथी ठेवली आणि पहिलीपासून ऐकायला घेतले.

कुणाला काही ऐकायला सांगण्याआधी आपणही स्वतःला एवढेच विचारावे, की आपली दुपार त्यात गेली आहे का?