खाऱ्या विहिरींचा लेख

“सगळ्यात मोठा डेटाबेस कुठला, तेवढं सांगा गुरुजी. त्यातच बघायचं.”

विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभा राहून रोहिदास मयेकर विचारत होता. सातवीतून शाळा सोडलेला, विशीतला पोरगा. संशोधन करणारी त्याची ताई तापाने गेली, त्याला आज अठरा दिवस झाले होते. तिने पाठवलेला लेख छापून आला की नाही, कुणी धड सांगत नव्हतं. आईला तो एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

म्हातारे ग्रंथपाल अन्सारी गुरुजी संगणकापुढे बसले. त्यांनी सगळ्यात मोठा डेटाबेस उघडला.

तारामती मयेकर… काही नाही.

“मग ‘पाणी’ शब्द घाला! पाण्यावरच अभ्यास करायची ती.”

चार लाख लेख आले.

रोहिदासने टेबलावर मूठ आपटली. “एवढ्या ढिगात माझी ताई कशी सापडायची? थट्टा लावलीय का?”

गुरुजींनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

त्याने रागातच घोट घेतला. थांबला. पाणी जिभेवर घोळवलं.

“बोअरचं आहे. खार लागायला लागलाय. मे महिन्यात तोंडात धरवणार नाही.”

“तुला रे कसं ठाऊक?”

“ताई गावोगाव विचारायची, तुमची विहीर कुठल्या महिन्यात खारी होते. बाटल्या मी भरायचो. यंत्राच्या आधी चाखून सांगायचो. ती म्हणायची, यंत्रापेक्षा तू बरा, चहावर चालतोस…”

त्याने ग्लास खाली ठेवला.

गुरुजींनी मोठा डेटाबेस बंद केला. किनाऱ्यावरच्या भूजलाचा एक लहानसा उघडला. सगळे मिळून दोन-तीन हजार लेख असतील त्यात. विहीर, खारेपणा, महिना. एवढेच शब्द घातले.

अकरा लेख आले. सातवा ताईचा होता.

रोहिदासने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. एकेक अक्षर लावत वाचलं. पुन्हा वाचलं. मग वाकून गुरुजींचे पाय धरले.

“फार उपकार झाले, गुरुजी… आई बघेल आता.”

गुरुजींनी त्याला उठवलं आणि लेख छापायला लावला.

कागद एकेक करून बाहेर येऊ लागले. रोहिदास ते ऊन ऊन छातीशी धरत गेला.

“पण गुरुजी, त्या एवढ्या मोठ्यात नव्हती, आणि या एवढ्याशात कशी मिळाली?”

गुरुजी म्हणाले, “दारात एवढा मोठा समुद्र असताना तुझी ताई विहिरी कशाला शोधत हिंडायची?”