विलायती गाडी आणि नागपूरचं ऊन

नागपूरच्या विभावरी दाणींना वडिलांची जुनी विलायती गाडी मिळाली खरी, पण तापली की ती हट्टाला पेटायची. सकाळी एका किल्लीत सुरू होणारी गाडी दुपारी वाटेत बंद केली, की स्टार्टर नुसता 'टक्' करून गप्प बसायचा. विभावरीबाईंनी स्वतः गाडीखाली शिरून कारण हुडकलं. धुराची तापलेली नळी स्टार्टरला अगदी खेटून जात होती. मध्ये त्यांनी एक पत्रा बसवला आणि गाडीची खोड मोडली.

एप्रिलात जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली. परीक्षक होते क्लबचे अध्यक्ष दादासाहेब खानझोडे; त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यांनी वाकून पाहिलं आणि चारचौघांत जाहीर केलं, "बाई, हा पत्रा मूळचा नाही. गाडी बाद!"

वडिलांची गाडी स्पर्धेनंतरच्या मिरवणुकीत न्यायचीच, असं विभावरीबाईंनी मनाशी ठरवलं होतं. तरी आवाज चढू न देता त्यांनी विचारलं, "म्हणजे सगळं मूळचंच हवं?"

"सगळं! विलायतेत पत्र्यावाचून ती कधी अडली नाही."

"मग पत्रा आत्ता काढते, दादासाहेब. तेवढी तिची मूळची हवा मागवून घ्या. तिथे बर्फ पडतो. इथे पारा पंचेचाळिसावर चढलाय."

कोणाचा पारा, ते जमलेल्यांना बरोबर कळलं आणि हशा पिकला. दादासाहेबांनी कपाळ पुसलं.

"पत्रा राहू द्या," ते म्हणाले. "हवा मागवणं माझ्या हातात नाही."

विभावरीबाईंनी तापलेल्या गाडीची किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि मिरवणुकीत जाऊन लागली.