शंभरातले सात

डोंगराच्या अलीकडे एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक पंडित होता. त्याच्या वहाणा कधी झिजत नसत. घरातून बाजारात आणि बाजारातून घरी, एवढंच त्याचं चालणं. मिठापासून मडक्यापर्यंत प्रत्येक वस्तूचा भाव विचारायचा, काहीही विकत न घेता परत यायचं आणि भिंतीवर रेघ पुढे ओढायची, हा त्याचा बारा वर्षांचा नेम. दुकानदार म्हणत, "आला बघा भावपंडित! नुसत्या चौकशीने पोट भरत असतं, तर याच्या कृपेने आपण आज हत्तीवरून फिरलो असतो."

भिंतीवर रेघा दोन होत्या. काळी रेघ कोळशाची, ती बाजारभावाची. तांबडी रेघ गेरूची, राज्यात किती हातांना काम आहे ते दाखवणारी. तांबडी चढली की मागोमाग काळी चढे, तांबडी उतरली की काळीही उतरे. बारा वर्षांत हे चुकलं नव्हतं. पंडिताचा त्या रेघांवर फार जीव होता.

पंडिताला एक थोरला भाऊ होता. तो पाथरवट. आईबाप लवकर गेले, तेव्हा या भावाने दगड फोडून धाकट्याला शिकवलं. धाकट्याने कधी घण उचलायला हात पुढे केलाच, तर म्हणायचा, "ठेव तो. तुजं हात लिवायचं हायेत." पंडिताच्या तळहातांवर आयुष्यात एकही घट्टा पडला नव्हता, आणि ती सगळी पुण्याई थोरल्याची होती.

एका वर्षी महागाईने कहर केला. मीठ दुप्पट झालं, तांदूळ दीडपट झाला, तेल तर विचारायची सोय राहिली नाही. मजूर मजुरी वाढवून मागू लागले. व्यापारी म्हणाले, मजूर माजले. मजूर म्हणाले, व्यापारी माजले. शेवटी राजाने पंडिताला बोलावलं आणि सांगितलं, "येत्या पौर्णिमेला दरबारात ये. महागाई का झाली आणि उपाय काय, ते सांग."

उत्तर पंडिताच्या भिंतीवर तयारच होतं. राजा शहराभोवती तटबंदी बांधत होता, त्यामुळे राज्यात रिकामा हात सापडत नव्हता. हाताला काम, कामाला मजुरी, मजुरी बाजारात. मग भाव चढणारच. दोन्ही रेघा बरोबरीने वर गेल्या होत्या. इतक्या सुरेख रेघा पंडिताने आजवर कधी काढल्या नव्हत्या.

पौर्णिमेला पाच दिवस उरले असताना थोरला भाऊ आला. फडक्यात दोन भाकरी बांधलेल्या होत्या.

"आरं, तू भिंतीत काय शोधतोयस?" तो म्हणाला. "घाटात दरड पडलीया. मीठ, तांदूळ, तेल समदं त्या वाटंनं वर यायचं. आता लमाणांचे बैल डोंगराला वळसा घालून येत्यात. जिथं शंभर बैल यायचे, तिथं चाळीस येत्यात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठनं येनार?"

"घाटाच्या नाकेदाराने कळवलंय, किरकोळ माती पडली आहे म्हणून."

"नाकेदार बसलाय खाली नाक्यावर. दरड हाय वर. त्यो कशाला चढतोय?"

पंडित हसला. "दादा, नुसतं मीठ-तांदूळ महागलं असतं, तर तुझं ऐकलं असतं. पण मडकीही महागली. मडकी काय घाटातून येतात?"

"मग कुंभार काय माती खातो व्हय? त्याचं मीठ महागलं, त्याचा भात महागला, म्हनून त्यानं मडकं महाग केलं. तू माज्यासंगं चल. डोळ्यानं बघ. शंभर गडी लावले तर म्हैन्याभरात वाट मोकळी व्हईल."

पाच दिवस होते. दोन जायला, दोन यायला, वर एक दिवस उरत होता. पंडिताने वहाणांकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. घाटात जाऊन खरंच काही दिसलं असतं, तर तिसरी रेघ काढावी लागली असती, आणि मग या दोन रेघा इतक्या सुरेख राहिल्या नसत्या. हे त्याने स्वतःलाही कबूल केलं नाही. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात जाऊ, दादा. आता वेळ नाही."

थोरल्याने भाकरीचं फडकं तिथेच ठेवलं आणि तो कामाला गेला.

पौर्णिमेला पंडित दरबारात उभा राहिला. "महाराज, टांकसाळीला सहा महिने कुलूप लावा. नवं नाणं निघालं नाही की पैसा आखडेल. पैसा आखडला की कामं थांबतील. शंभरातले सात जण घरी बसले की बाजार आपोआप खाली येईल."

राजा दुष्ट नव्हता. त्याने विचारलं, "हे सात कोण?"

"कुणीच नाहीत, महाराज. तो नुसता आकडा आहे."

राजाला बरं वाटलं. टांकसाळीला कुलूप लागलं. महिन्याभरात तटबंदीचं काम थांबलं आणि दगडाच्या कामावरची माणसं सर्वांत आधी घरी गेली.

थोरला पुन्हा पंडिताच्या दारात आला. या खेपेला फडकं नव्हतं, खांद्यावर पहार होती.

"शंभरातले सात, असं म्हनं ठरलंय. त्यातला येक मी."

भाऊ रागावेल, शिव्या देईल, असं पंडिताला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तूच काडलास न्हवं त्यो आकडा? मग बरोबरच असंल," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच अभिमान होता. "आता हात रिकामंच हायेत, तर घाटातली दरड तरी फोडतो. आनखी अकरा जन येत्यात. तू येतोस का बघायला?"

"येतो," पंडित म्हणाला. "भाव जरा उतरू देत, मग येतोच."

आणि भाव उतरले! मिठाचा भाव उतरला, कारण शंभरातल्या सात घरांनी अळणी खायला सुरुवात केली. तेल उतरलं, कारण सात घरांत फोडणी बंद झाली. तांदूळ उतरला, तो कसा, हे सांगायला नको. काळी रेघ तांबड्या रेघेच्या मागोमाग शहाण्या वासरासारखी खाली आली. लोक पंडिताची भिंत पाहायला येऊ लागले. चौथ्या महिन्यात राजाने त्याला पागोटं बांधलं आणि शेला पांघरवला.

तो समारंभ आटोपून पंडित घरी आला, तेव्हा दारात वहिनी उभी होती. तिच्या हातात थोरल्याची पहार होती. ती तिने उंबऱ्यावर आडवी ठेवली.

"धोंडा अंगावर आला," ती म्हणाली. "पोटात चार दिस काय न्हवतं. पाय लटपटला."

पंडित खाली बसला. पागोटं सुटून गळ्यात आलं. वहिनी रडत नव्हती. तिने भिंतीकडे बराच वेळ पाहिलं, जणू तिथे काहीतरी शोधत होती.

"भावोजी, मला लिवता-वाचता येत न्हाई. येवढंच सांगा, तुमच्या शंभरात ह्ये कितवे व्हते?"

वहिनी पोरांना घेऊन माहेरच्या मुलखात निघून गेली. उरलेले अकरा जणही राज्य सोडून गेले. ज्यांना दगड फोडता येत होता, ते सगळेच हळूहळू गेले, कारण इथे त्यांना काम नव्हतं.

तेव्हा पंडित घाटात गेला. दोन दिवस चालला. वहाणा वाटेत तुटल्या, तो अनवाणी चढला. दरड त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, भाऊ सांगत होता तशीच. तिसरा हिस्सा फोडून बाजूला नीट रचून ठेवलेला होता. बारा उपाशी माणसांनी एवढं केलं होतं. पंडिताने तिथेच बसून हिशेब केला. राज्यात मजूर तीन हजार. शंभरातले सात म्हणजे दोनशे दहा. दोनशे दहा माणसांना घरी बसवण्याऐवजी इथे आणलं असतं, तर वाट पंधरा दिवसांत मोकळी झाली असती. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत अचूक हिशेब होता आणि त्याचा आता कुणालाही उपयोग नव्हता. तो रचलेल्या दगडांना मिठी मारून ढसाढसा रडला.

परत येऊन त्याने दरबारात सगळं सांगितलं. "महाराज, माझं चुकलं. रोग रेड्याला होता, मी औषध पखालीला दिलं."

प्रधान म्हणाला, "भाव उतरले की नाही?"

"उतरले."

"मग औषध लागू पडलं की! आता हे वरातीमागून घोडं कशाला?"

"दरड अजून तिथेच आहे, महाराज. माणसं द्या."

"दगड फोडणारी माणसं आहेत कुठे आता?" राजा म्हणाला. ते खरंच होतं.

पंडित घरी गेला आणि शेणमातीने भिंत सारवून टाकली. दुसऱ्या दिवशी शिपाई आले, त्यांनी सारवण खरवडून काढलं आणि रेघा पुन्हा उजळल्या. ती भिंत आता सरकारी झाली होती. शेजारच्या राज्यांतून माणसं तिची नक्कल करून न्यायला येत होती.

पुढच्या वर्षी घाटात आणखी माती घसरली. बैल चाळीसाचे वीस झाले आणि मीठ पुन्हा महागलं. राजाने भिंतीकडे पाहिलं आणि दवंडी पिटवली. या खेपेला आकडा नऊ होता.

दवंडी झाली तेव्हा पंडित घाटात होता. भावाची पहार घेऊन तो रोज दरडीवर घाव घालायचा. लिहिण्यासाठी जपलेले हात ते. दिवसाकाठी एक धोंडा फुटला तर फुटला. तळहात सोलवटून निघाले, घट्टे काही पडले नाहीत. तो एक धोंडा फोडून बाजूला ठेवायचा, आणि वरून दोन खाली यायचे. वाट मोकळी झाली नाही. पंडित होता तोवर नाही, आणि नंतरही नाही.

तात्पर्य काय, तर ज्याच्या ताटातला घास काढायचा त्याचं तोंड आधी जाऊन पाहावं. आकड्याला तोंड नसतं, म्हणून तो ओरडत नाही. आणि पुढे आपल्याला ओरडावंसं वाटतं, तेव्हा ऐकायला कुणी उरलेलं नसतं.