जेवणाआधीची हाक

"ऐकलंस का, ती डोंगराकडची नवी सून भर दुपारी दारात उभी राहून हाका मारते म्हणे... जे माणूस इथं नाहीच, त्याला..."

पाणवठ्यावर एवढंच कानी आलं आणि बोलणारीची घागर भरली. ती गेली निघून. आता अर्धी गोष्ट पोटात राहते का कुणाच्या?

फार फार जुन्या काळचं सांगते. समुद्रकाठी एक मोठं नगर होतं. देशोदेशीची माणसं तिथं पोटासाठी आलेली. एकेका गल्लीत पाच-सहा बोल्या. बाजारात सगळे मिळून एक खिचडी बोली बोलत आणि घरात शिरले की दार लावून आपापली.

अशा एका गल्लीत ही सून आली. नवरा गवंडी, दिवसभर तटाच्या कामावर. दुपारी स्वयंपाक झाला की ती दारात येई, आपल्या बोलीत एक हाक मारी आणि कान देऊन उभी राही. मग आत जाऊन ताट तसंच झाकून ठेवी.

गल्लीला तेवढं पुरलं. आया पोरांना दुपारचं आत ओढू लागल्या. मीठवाला घरमालकाला म्हणाला, "बाहेरची बाधा आहे. अमावास्येच्या आत घर खाली करून घ्या."

सून मात्र दिवसेंदिवस वाळत चालली.

शेजारच्या रंगारणीला सगळ्यांच्या घरातलं कळायला हवं असे. ती सरळ आत शिरली आणि तिनं ताटावरचं झाकण उचललं. भाकरी कडक झालेली.

"काय गं, जेवत का नाहीस? आणि हाका कुणाला मारतेस ते आधी सांग, मला झोप नाही!"

सून अडखळत खिचडी बोलीत म्हणाली, "मावशी, आमच्याकडे जेवायच्या आधी दारातून विचारतात, कुणी उपाशी आहे का? शेजारून 'जेवलो गं, तू जेव' असं आलं की मग घास घ्यायचा. इथं कुणीच बोलत नाही. मला वाटतं, सगळी गल्ली उपाशी आहे. मी यांना सांगणार आहे, मला माघारी पोचवा."

"अगं वेडे, उपाशी कसली! तो मीठवाला तर तीनदा जेवतो!"

त्या संध्याकाळी रंगारीण घरोघर फिरली. दुसऱ्या दुपारी हाक आली तशी ती आपल्या बोलीत ओरडली, "जेवले गं, तू जेव!" माडीवरून तांबट त्याच्या बोलीत ओरडला, समोरून विणकरीण तिच्या. जरा खाकरून मीठवालाही.

आणि कोपऱ्यावरून एक दबका आवाज आला, "मी नाही जेवलो."

परमुलखातून आलेला हमाल होता. आठवडाभर तो तिथंच बसत होता, पण सुनेच्या हाकेचा अर्थ त्याला आज शेजाऱ्यांच्या उत्तरांवरून कळला; एरवी त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दुपारी ताटातल्या भाकरीचे दोन वाटे झाले. माघारी जायचं पुन्हा निघालं नाही, घर खाली करायचंही नाही.

रंगारणीनं मात्र एक पाहिलं, ती पाहणारच. सगळ्यांची उत्तरं आली तरी सून क्षणभर डोंगराकडे तोंड करून उभी राही. गावी थोरल्या जावेची ओ सगळ्यात शेवटी यायची. ती एवढ्या लांब कशी ऐकू येणार? म्हणजे पाणवठ्यावरचं अगदीच खोटं नव्हतं. भूतबीत काही नव्हतं, पण इथं नसलेल्या माणसाला हाक होतीच. मग पदर सारखा करून सून आत जाई आणि जेवायला बसे.

तात्पर्य: नव्या माणसाच्या हाकेला ओ दिली म्हणून त्याची गावाची आठवण जात नाही, पण घास तेवढा गळ्याखाली उतरतो.