साठ हजारांचं यंत्र आणि अकरा शाली

रणधुमाळ महाराज त्या सकाळी सातव्यांदा मेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळा दरबार शोक करायला उभा राहिला.

"बसा रे!" महाराज गरजले. "संगणकावरच्या खेळात मेलोय! आणि तेही आमच्या चुकीनं नाही, ह्या यंत्राच्या! आम्ही तलवार उपसतो आज आणि हे दाखवतं उद्या!"

एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण शेजारचे उत्तुंगसेन महाराज पौर्णिमेला सामना खेळायला येणार होते, आपलं पाच लाखांचं यंत्र हत्तीवर घालून. आणि आमच्या महाराजांनी पैजेला काय लावावं? मोगरवाडीचं तळं! मुकुट नाही, सिंहासन नाही, तळं! मोगरवाडीला विचारलं कुणी? छे!

त्यात राणीसाहेबांनी नव्या यंत्रासाठी फक्त साठ हजार रुपये मंजूर केले आणि तिजोरीच्या किल्ल्या कमरेला खोचून त्या माहेरी निघून गेल्या.

"साठ हजारांत असं यंत्र जुळवा, जे पाच लाखांच्या यंत्राला धूळ चारेल!" महाराजांनी हुकूम सोडला.

प्रधानजींनी सगळे साठ हजार एकट्या ग्राफिक्स कार्डावर उडवायचं ठरवलं. ते कार्ड बसवायचं कशात आणि त्याला वीज द्यायची कुठून, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सेनापतींच्या यादीत सात रंगांचे दिवे होते, रॅम मात्र विसरली होती.

"हॅट्!"

दरबारानं वळून पाहिलं. महाराजांच्या मागं पंख्याची दोरी ओढणारी म्हाळसा होती ती. म्हाळसा मोगरवाडीचीच. तळ्याचं कळल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"यंत्र मी जुळवते," ती म्हणाली.

"पंखेवाली?" प्रधानजींनी नाक मुरडलं.

"तीन वर्सं महाराजांचा खेळ बघतीया जी. दरबारात बघणारी मी एकटीच, बाकीचे नुसतं वाहवा करत्यात."

"आणि आम्ही हरलो तर? शिक्षा ठाऊक आहे?" महाराजांनी विचारलं.

"हरलात तर माझं गाव तहानेनं मरंल. त्याहून मोठी शिक्षा तुमच्याकडं हाय का?"

महाराजांकडे नव्हती. त्यांनी साठ हजारांची थैली तिच्याकडं सरकवली.

म्हाळसानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "निम्म्याहून जरा कमी पैसं ग्राफिक्स कार्डावर. प्रोसेसर मधला. रॅमच्या दोन कांड्या, जोडीनं. पॉवर सप्लाय भरवशाचा, कारण त्यो मरतो तवा बाकीच्यांना घिऊन मरतो. आन् हे समदं बसवायचा डबा जाळीचा, वारा खेळंल असा."

"मधला प्रोसेसर? महाराजांना?" प्रधानजी किंचाळले.

"एक बैल तगडा आन् एक मरतुकडा जुंपला, तर गाडी धड चालत न्हाई, प्रधानजी. तुमी कधी गाडी हाकलीया?"

प्रधानजी जन्मभर पालखीत बसले होते.

यंत्र जुळलं. साठ हजारांच्या आत. आणि लगेच प्रधानजी शाल-श्रीफळ घेऊन आले. आमच्या राज्यात नवी वस्तू दरबारात आली की तिचा सत्कार व्हायचाच. माणसाचा होतो, घोड्याचा होतो, एकदा तर नव्या पायपुसण्याचाही झाला होता! जुनं यंत्र तीन वर्षं जरीच्या शालीखालीच होतं.

म्हाळसा आडवी आली. "ह्याला शाल नको! शालीखालनं वाफा येत्यात, यंत्राला बी उकडतं, मग त्ये अडतं. पाहुण्यांच्या यंत्राचा सत्कार करा की! पाच लाखांचं हाय, एका शालीत कसं भागंल? अकरा पायजेत! आन् वरनं झेंडूचा हार, मनगटाएवढा जाड!"

प्रधानजींचे डोळे चमकले. सत्कार म्हटला की त्यांना दुसरं काही सुचत नसे.

पौर्णिमेला सकाळीच उत्तुंगसेन आले. त्यांच्या काचेच्या डब्यात दिवे नुसते झगमगत होते. प्रधानजींनी एकेक शाल पांघरली, तसतसा एकेक दिवा दिसेनासा झाला. शेवटी यंत्राचं गाठोडं झालं आणि उत्तुंगसेनांची छाती फुगली.

खेळ सुरू झाला. पहिल्या घटकेत आमचे महाराज दोनदा मरता मरता वाचले. म्हाळसा हातातली दोरी ओढायचंच विसरली. मग गाठोड्यातून घरघर आली आणि झेंडू भाजल्याचा वास सुटला. उत्तुंगसेनांच्या वीरानं तलवार उगारली आणि तो तसाच उभा राहिला. आमच्या महाराजांनी सावकाश जाऊन त्याचं मुंडकं उडवलं!

"कपट!" उत्तुंगसेन ओरडले. "शालीत कोंडून आमचं यंत्र भाजलंत!"

म्हाळसा दोरी न सोडताच पुढं झाली. "महाराज, शाल काय खिळ्यानं ठोकली हुती? यंत्र तापल्यालं तुमच्या हाताला लागत हुतं. मग काढली का न्हाई?"

"मानाची शाल? भर दरबारात आम्ही काढायची?"

"मग तक्रार कशाची जी? खेळ आन् मान, दोन्ही तुमच्या हातात हुतं. तुमी मान धरलात. त्यो खुशाल घिऊन जावा, तळं तेवढं ऱ्हाऊ द्या!"

मग रणधुमाळ महाराज असे हसले, की मुकुट घरंगळत उत्तुंगसेनांच्या पायाशी गेला. तो उचलून देताना उत्तुंगसेनांनाही हसू आवरेना.

"मोगरवाडीचं तळं आजपासून मोगरवाडीचं!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "पुन्हा पैजेला लावलं, तर आम्हालाच त्यात बुडवा! प्रधानजी, म्हाळसाबाईंचा सत्कार करा. शाल आणा!"

"शाल?" म्हाळसा दोन पावलं मागं सरली. "आत्ता काय झालं बघितलं न्हवं? शाल नको. पंखा द्या."

"पंखा तर तुझ्या हातातच आहे!"

"ह्यो तुमचा. मला माझ्यावर वारा घालणारा पायजे."

असं म्हणून ती महाराजांच्या शेजारच्या गादीवर ऐसपैस बसली आणि पंख्याची दोरी तिनं प्रधानजींच्या हातात दिली.

"ओढा, प्रधानजी!" महाराज पोट धरून हसत म्हणाले. "जरा जोरात!"