भागुजीनं कस्तुरीचं पथ्य सांभाळलं

निंबोळी गावात भागुजी नावाचा एक भोळा आचारी राहत होता. तो भोळा आहे हे त्याला सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं. तीस वर्षं त्यानं लग्नांत बुंदी पाडली. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा तो गावातल्या विशेष मुलांच्या शाळेत स्वयंपाकाला लागला. गाव म्हणालं, बरं झालं. गावाचं काय, गाव काहीही म्हणतं.

त्या शाळेत कस्तुरी होती. अकरा वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली, आणि तोंडानं फटकळ. डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं आणि चष्मा काढला.

"अशा मुलांचं वजन पटकन चढतं. हिची साखर काठावर आलीय. दोन महिने पथ्य नीट पाळा. उतरली तर ठीक, नाहीतर रोज गोळ्या."

कस्तुरीला गोळी नुसती दिसली तरी उमासे यायचे. ती म्हणाली, "गोळी नको. पथ्य दे."

डॉक्टरीणबाईंनी रिकाम्या ताटात बोटानं रेघा ओढल्या. "अर्ध्या ताटात भाजी. उरलेल्या अर्ध्यात भाकरी आणि उसळ."

कस्तुरीला एकदा सांगून कळलं. आता राहिले शहाणे.

मुख्याध्यापिका शेळकेबाई भागुजीला म्हणाल्या, "पोरीच्या खाण्यात साखर दिसता कामा नये."

"व्हय बाई."

दुसऱ्या दिवशी कस्तुरीनं दुधाचा घोट घेतला आणि पेला बाईंपुढे सरकवला. बाईंनी चाखलं. चार चमचे साखर!

"भागुजी, हे काय?"

"अर्धा तास ढवळलंय बाई. एक कण दिसला तर नाव बदलीन."

बाईंनी कपाळ धरलं. "अहो, साखरेचं सोडा, बाहेरून काहीही खायचं आलं की आधी कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली माझ्या हातात द्या!"

"असं आधी सांगायचं की, बाई!"

रविवारी बाजारातून मेथी आली, गवार आली, दोन दुधी आले. आले ते बाहेरूनच. भागुजीनं सगळं कपाटात कोंबलं, कुलूप लावलं आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. बाई भाचीच्या साखरपुड्याच्या गडबडीत. त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चार दिवस तालुक्याला गेल्या. मुलांनी चार दिवस भाकरी आणि उसळ खाल्ली. कस्तुरी भाजीची जागा मोकळी ठेवून जेवायची आणि त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून भागुजीकडे बघायची. भागुजीला वाटायचं, पोरगी ताट छान घासलं म्हणतेय.

बाईंनी कपाट उघडलं तेव्हा आधी वास बाहेर आला, मेथी मागून आली.

"अहो भागुजी! हिरवं दिसलं की लगेच धुवायचं, चिरायचं आणि अर्ध्या ताटात वाढायचं!"

"असं आधी सांगायचं की, बाई!"

आता निंबोळीकरांची एक रीत सांगतो. वाढदिवस आला किंवा कुणाचं वर्षश्राद्ध आलं की त्यांना ही शाळा आठवते. नातू झाला, आणा पेढे. आजोबा गेले, आणा जिलेबी. "बिचारी लेकरं" म्हणायचं, भरवायचं, फोटो काढायचा आणि घरी जायचं. म्हातारा स्वर्गात, साखर लेकरांच्या रक्तात. कुणी दुधी घेऊन आलाय, असं काही मी अजून ऐकलेलं नाही.

तर कुणीतरी पिस्त्याची बर्फी आणली. हिरवीगार. भागुजीनं ती धुतली. जेवढी हातात राहिली तेवढी चिरली आणि अर्ध्या अर्ध्या ताटात वाढली.

कस्तुरी म्हणाली, "ही भाजी न्हाई."

"हिरवी हाय की गं."

"भाजी न्हाई. तू खा." तिनं ताट त्याच्यापुढे ढकललं आणि दुसरं मागितलं.

बाईंचा आवाज चावडीपर्यंत गेला. "भागुजी, नीट ऐका! ज्याची साखर वाढलीय, त्याच्या तोंडात गोड जाता कामा नये. गेलं तर बोट घालून बाहेर काढा! मग तो कुणी का असेना!"

"असं आधी सांगायचं की, बाई!"

दोन महिने संपले. तपासणीच्याच दिवशी शाळेचे अध्यक्ष आप्पासाहेब साठ वर्षांचे झाले. मांडवात फलक लागला: 'भव्य आरोग्य शिबिर व जिलेबी वाटप.' फलक साऱ्या गावानं वाचला. कुणी हसलं नाही.

उद्घाटन म्हणून आप्पासाहेबांनी स्वतःचं बोट पुढे केलं. फोटो निघाला. यंत्रात आकडा आला, तीनशे बारा.

डॉक्टरीणबाई घाबरल्या. आप्पासाहेब म्हणाले, "यंत्र बिघडलंय. पुढचा घ्या."

पुढे कस्तुरी आली. तिनं डोळे गच्च मिटून बोट दिलं. शेळकेबाईंनीही मिटले. यंत्र वाजलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "उतरली! गोळ्या नकोत!"

कस्तुरीनं स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांना भरून आलं. शेजारी फोटोवाला होता, त्यामुळं जास्तच आलं. त्यांनी टोपलीतली ठसठशीत जिलेबी उचलली. "घे बाळ, तोंड गोड कर."

कस्तुरीनं तोंडावर हात ठेवला. "नको. मला भाजी."

आप्पासाहेबांची जिलेबी हातात तशीच. पाक कोपरापर्यंत आलेला. आप्पासाहेब कसंनुसं हसले. "बरं, मग तोंड मीच गोड करतो!" आणि त्यांनी आख्खी जिलेबी तोंडात टाकली.

भागुजी कोपऱ्यात उभा होता. तीनशे बारा त्यानं ऐकलं होतं. कुणी का असेना, हेही ऐकलं होतं. तो तीन ढांगांत मांडवातल्या मंचावर चढला, डाव्या हातानं आप्पासाहेबांचा जबडा धरला, उजव्या हाताची दोन बोटं आत घातली आणि अर्धी चावलेली जिलेबी ओढून काढली. फोटो निघाला. दिवसभरातला तेवढाच एक झकास आला.

शेळकेबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. भागुजीला वाटलं, आपलं काही राहिलं बहुतेक. तो आठवत उभा राहिला. मग एकदम आठवलं. जिलेबी बाहेरून आलेली!

तो धावत स्वयंपाकघरात गेला, ती अर्धी जिलेबी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, धावत मांडवात परत आला आणि सगळ्यांदेखत किल्ली बाईंच्या हातात दिली.